सल्ला सदर: कूस बदलताना पुढच्या हाडात कळ येते, हाडं उघडली आहेत का?

पत्र: नमस्कार. माझं वय २७, पहिलीच खेप, तिसावा आठवडा सुरू आहे. उंची १५२ सेंमी. शाळेत शिकवते, वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. गेले तीन आठवडे ओटीपोटाच्या अगदी खाली, पुढच्या हाडावर टोचल्यासारखी कळ येते. रात्री कूस बदलताना, जिना चढताना, सलवार घालायला एक पाय उचलला की जास्तच. कधी आतून ‘कट्ट’ असा आवाज येतो. कमरेखाली उजव्या बाजूलाही दुखतं. डॉक्टरांनी तपासून ‘पेल्व्हिक गर्डल पेन’ आहे, बाळंतपणानंतर जाईल असं सांगितलं आणि पॅरासिटामॉल लिहून दिली. सासूबाई म्हणतात, हाडं उघडायला लागली आहेत, आणि माझी कंबर अरुंद असल्यामुळे सिझरच होणार. नॉर्मल व्हावी म्हणून खाली बसून लादी पूस असंही सांगतात. गर्भसंस्काराच्या वर्गात फुलपाखरू आसन शिकवलंय. ते केलं की दुसऱ्या दिवशी चालवत नाही. एक्स-रे काढून माप घ्यावं का? बेल्ट लावू का? आणि ही हाडं नंतर परत मिटतात का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर:

फुलपाखरू आसन आणि बसून लादी पुसणं, दोन्ही आजपासून बंद. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे दोन आधी थांबवा. आसन वाईट म्हणून नाही. तुमचं जे दुखणं आहे त्यात नेमकं तेच नको असतं.

का नको, ते कळायला आतली रचना डोळ्यांसमोर हवी. श्रोणी, म्हणजे डॉक्टर ज्याला पेल्व्हिस म्हणतात तो ओटीपोटाचा सांगाडा, हे एक बंद कडं आहे. दोन्ही बाजूंना एकेक नितंबास्थी, मागे मधोमध त्रिकास्थी, आणि तिच्या टोकाला माकडहाड. यातलं प्रत्येक हाड मुळात अनेक हाडांचं जुळून बनलेलं असतं. नितंबास्थी जन्मताना तीन वेगळ्या तुकड्यांत असते: वरचं पसरट पातं, खालचं बसायचं हाड आणि पुढचं जघनास्थी. तिघं खुब्याच्या वाटीत येऊन भेटतात आणि वयात येण्याच्या सुमारास एकजीव होतात. त्रिकास्थीत पाच मणके एकमेकांत मुरलेले असतात, माकडहाडात बहुधा चार. वरच्या पात्याची कड तर विशी उलटेपर्यंत पूर्ण जुळत नाही. मुलीची उंची वाढायची थांबली तरी श्रोणी पुढची काही वर्षं रुंदावत राहते. कोवळ्या वयातली बाळंतपणं अडण्यामागे हेही एक कारण असतं.

हे कडं तुम्ही हाताने तपासू शकता. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की हाताखाली येते ती वरच्या पात्याची कड. दोन्ही बाजूंच्या कडांना जोडणारी आडवी रेघ पाठीवर साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. भूलतज्ज्ञ पाठीत सुई देण्याआधी बोटं दाबून तीच रेघ शोधतात. पुढे पोटाच्या दोन बाजूंना जी टोकं लागतात ती त्याच पात्याची. पाठीमागे कमरेखाली दोन खळगे दिसतात, तिथेही याच हाडांची मागची टोकं आहेत, आणि त्यांच्या जरा आत-खाली त्रिकास्थी आणि नितंबास्थी यांचा सांधा आहे. तुमचं ‘कमरेखाली उजवीकडे’ दुखणं एका बोटाने दाखवून पाहा. बोट खळग्यापाशी किंवा किंचित खाली जात असेल, तर दुखणं बहुतेक याच सांध्याचं. बोट मणक्यावर जात असेल, किंवा दुखणं गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत मुंग्या घेऊन उतरत असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे आणि पुढच्या तपासणीत वेगळं सांगायला हवं.

कड्यात सांधे मोजकेच आहेत: मागे हे दोन आणि पुढे एक. मागच्या सांध्यांचे पृष्ठभाग खडबडीत, उंचवटे-खोलगटे एकमेकांत बसलेले असतात. त्रिकास्थी दोन नितंबास्थींमध्ये पाचरीसारखी ठोकलेली असते, आणि मागून बांधणारे अस्थिबंध (हाडांना हाडं बांधणारे चिवट पट्टे) शरीरातल्या सर्वांत मजबूत अस्थिबंधांपैकी आहेत. एवढं बांधलेलं असूनही सांधा अगदी गच्च नसतो. दोन-चार अंश फिरतो, एक-दोन मिलिमीटर सरकतो. पुढचा सांधा जघनास्थींच्या मधला. तिथे दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची चकती असते, आणि एरवी ही फट चार ते पाच मिलिमीटर असते. गरोदरपणात ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते. सगळ्यांचीच वाढते, दुखणाऱ्यांची आणि न दुखणाऱ्यांचीही. दहा मिलिमीटरच्या पुढे गेली तरच डॉक्टर सांधा फाकला असं म्हणतात, आणि ते सहसा बाळंतपणाच्या वेळी, क्वचितच होतं.

म्हणजे सासूबाईंचं अर्धं खरं आहे. सांधे सैल होतात. पण ‘उघडायला लागली’ म्हणण्याइतकं काही होत नाही. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ या संशोधकाने गिनीपिगवर प्रयोग करून सांधे सैल करणाऱ्या रिलॅक्सिन या संप्रेरकाचा माग काढला. गिनीपिगचा पुढचा सांधा खरोखरच सेंटिमीटरच्या हिशेबात उघडतो, कारण त्याशिवाय पिल्लू बाहेरच येऊ शकत नाही. माणसात तसं नाही. शिवाय बायकांच्या रक्तातलं रिलॅक्सिन पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतं आणि दुखणं सुरू होतं ते बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर. रिलॅक्सिनची पातळी आणि दुखण्याची तीव्रता यांचा नीट मेळ बसत नाही, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

मग दुखतं कशाने? बहुतेक वेळा भार असमान पडल्याने. दोन पायांवर सरळ उभं असताना पाठीचा कणा भार त्रिकास्थीवर टाकतो, तिथून तो दोन्ही बाजूंना वाटला जाऊन खुब्यांत उतरतो, आणि पुढचा सांधा दोन बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवतो. तुम्ही एक पाय उचललात की सगळा भार एका बाजूला जातो आणि पुढच्या सांध्यात एक जघनास्थी दुसरीच्या मानाने वर सरकू पाहते. एरवी हे सरकणं एक-दोन मिलिमीटरचं असतं आणि कळतही नाही. सांधा जरा सैल, पोट पुढे आलेलं, पोटाचे स्नायू ताणलेले आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू त्याच जघनास्थीला ओढत असताना मात्र तेवढंही टोचतं. तुमच्या पत्रातली यादी पाहा: कूस बदलणं, जिना, सलवार. तिन्हींत एक पाय दुसऱ्यापासून वेगळा काम करतो. फुलपाखरू आसनात मांड्या फाकून तीच ओढ मुद्दाम वाढवली जाते. लादी पुसताना तर पाय फाकलेले, त्यात कंबर एका बाजूला वळलेली आणि एका हातावर जोर. ‘कट्ट’ आवाजाची चिंता नको. सैल सांध्यातून तो येतो, आणि नुसत्या आवाजाने काही बिघडत नाही. आवाजाबरोबर कळ येत असेल तर ती हालचाल टाळायची, इतकंच.

गरोदर बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला हे दुखणं होतं. बाळाला यातून काही अपाय नाही. पण ‘बाळंतपणानंतर जाईल’ म्हणून दहा आठवडे नुसतं सोसत बसायचंही कारण नाही. बरंचसं तुमच्या हातात आहे.

नियम एकच: गुडघे एकत्र, दोन्ही पायांवर सारखा भार. रोजच्या कामांत तो कसा पाळायचा ते बघा.

अंथरुणात कुशीवर झोपताना उशी फक्त गुडघ्यांमध्ये ठेवली जाते, आणि तिथेच चुकतं. पाऊल खाली लोंबकळतं, मांडी आत वळते आणि मागचा सांधा रात्रभर पिळलेला राहतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पाय टेकेल अशी लांब उशी घ्या. नसेल तर चादरीची घट्ट वळकटी चालते. कूस बदलताना आधी गुडघे वाकवून एकमेकांवर दाबा, श्वास सोडा आणि खांदे-कंबर-गुडघे एकाच वेळी वळवा. आधी वरचं अंग आणि मग पाय असं केलंत की कळ येणारच. चादर खरखरीत असेल तर कमरेखाली सॅटिनचा किंवा जुन्या रेशमी साडीचा तुकडा अंथरा, सरकायला सोपं जातं. उठताना कुशीवर वळा, दोन्ही पाय मिळून पलंगाखाली सोडा आणि हाताने ढकलून बसा. जमिनीवर गादी टाकून झोपत असाल तर पुढचे दोन-तीन महिने पलंग किंवा उंच दिवाण बघा. जमिनीवरून उठताना एक पाय पुढे टाकावाच लागतो.

सलवार, परकर, चप्पल, सगळं बसून घाला. जिना एकेक पायरी, लहान मुलं चढतात तसा: वर जाताना आधी कमी दुखणारा पाय, मग दुसरा त्याच पायरीवर. उतरताना आधी दुखणारा. कठड्याला हात हवाच. शाळेत मुख्याध्यापकांना तळमजल्यावरचा वर्ग मागा. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घेऊन गेलात तर विषय लवकर मिटतो. फळ्यापाशी उभं राहायचं तर दोन्ही पायांवर. एका खुब्यावर कलून उभं राहायची सवय बहुतेकींना असते, आणि तासाभरात ती महागात पडते. खुर्चीवर बसताना कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहील इतकी घडी खाली घ्या, पायावर पाय टाकू नका, मांडी घालून बसू नका.

रिक्षात किंवा कारमध्ये आधी पाठ करून कडेवर बसा, मग दोन्ही पाय मिळून आत घ्या. कारच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली तर वळायला जोर लागत नाही. दुचाकीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसण्यात कंबर पिळते, दोन्ही बाजूंना पाय टाकण्यात मांड्या फाकतात. सध्या दोन्ही नको. पाण्याची बादली, बाजाराची पिशवी एका हातात नको. भार दोन्ही हातांत वाटा किंवा दुसऱ्याला द्या. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण जोर देताना खालच्या स्नायूंवर सगळा ताण येतो.

पाळायला अवघड वाटेल, पण पंधरा दिवस नेटाने करा आणि एक खूण लक्षात ठेवा: दिवसभराचं जास्त झालेलं काम बहुधा संध्याकाळी आणि रात्री दुखतं. आज रात्री जास्त दुखलं तर आज दिवसा काय केलं ते आठवा.

आता बेल्ट. लावावा का, याचा अंदाज घरी घेता येतो. पाठीवर झोपा (या महिन्यांत पाठीवर मिनिटभरापेक्षा जास्त नको, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच कुशीवर), पाय सरळ, पावलांमध्ये थोडं अंतर. एक पाय गुडघा न वाकवता अंथरुणापासून साधारण २० सेंमी उचला. मग दुसरा. पाय जड वाटतो, कळ येते, की सहज उचलला जातो ते बघा. आता कुणाला तरी दोन्ही बाजूंनी, खुब्यांच्या वर, तळहातांनी कंबर आत दाबून धरायला सांगा आणि पुन्हा पाय उचला. दाबल्यावर पाय हलका झाला तर बेल्टचा उपयोग होईल. काहीच फरक पडला नाही, किंवा दाबल्यावर उलट जास्त दुखलं, तर पैसे वाया घालवू नका.

बेल्ट लागतो तो श्रोणीवर. दुकानात ‘प्रेग्नन्सी बेल्ट’ मागितला की पोटाला खालून उचलणारा रुंद पट्टा देतात. तो वेगळा. तुम्हाला हवा तो साधारण चार-पाच इंच रुंदीचा, न ताणणारा किंवा कमी ताणणारा सॅक्रोइलिॲक बेल्ट. पोटाच्या दोन बाजूंना लागणाऱ्या हाडांच्या टोकांच्या जरा खाली, पोटाच्या फुगवट्याखालून, मागे त्या खळग्यांवरून तो जायला हवा. उभं राहून बांधा. आत दोन बोटं सरकतील एवढा घट्ट पुरे. चालताना, उभं राहून काम करताना लावा, बसल्यावर आणि झोपताना काढा. मुंग्या आल्या किंवा जघनास्थीवर टोचणी वाढली तर जागा चुकली आहे. इंचभर वर-खाली करून बघा.

व्यायाम थोडे आणि रोज. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा आणि हलकेच, एकतृतीयांश जोराने, पाच सेकंद दाबा. असं दहा वेळा. जोर जास्त झाला तर टोचतं, मग कमी करा. दुसरा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. श्रोणीचं कडं खालून उघडं आहे, आणि ते झाकणारा स्नायूंचा झोळा पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळ्यांना खालून आधार देतो. लघवी आणि वात दोन्ही एकदम रोखायचेत अशी कल्पना करून आत ओढा, पाच सेकंद धरा, मग पूर्ण सैल सोडा, आणि ते सैल सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं आहे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र थांबवून सराव करू नका. तिसरा, हात-गुडघ्यांवर येऊन श्वास सोडताना खालचं पोट हलकेच मणक्याकडे ओढायचं, पाठ सपाट ठेवून, आठ-दहा वेळा. चालणं बंद करू नका, पण पाऊल लहान टाका आणि तासभराच्या फेरीऐवजी दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या मारा. गरोदर बायकांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट जवळपास असेल तर एकदा दाखवाच. मागचा सांधा एका बाजूला अडकलेला असेल तर ती हाताने सोडवू शकते, आणि हे काम घरच्या मालिशवालीकडून मुळीच करून घेऊ नका. तेल लावून वरवर चोळायला हरकत नाही.

औषधात पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत चालतं. घरात पडलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची गोळी घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर तिने बाळाच्या किडनीवर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याचा धोका असतो.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा: ड जीवनसत्त्व. आपल्याकडे ऊन भरपूर, तरी त्याची कमतरता सर्रास आढळते, आणि ती फार असली तर हाडं मऊ पडून श्रोणीतच दुखतं. बसल्यावर उठताना मांड्यांत जोर नसणं, चालताना डोलणं, हाड नुसतं दाबलं तरी दुखणं, बरगड्याही दुखणं, यातलं काही असेल तर रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घ्यायला सांगा. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू असतीलच. सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅमच्या, जेवणाबरोबर देतात. लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही.

आता ‘कंबर अरुंद’.

बाहेरून दिसणारी कंबर म्हणजे श्रोणीची वरची दोन पसरट पाती आणि त्यांवरचं मांस. बाळ त्या भागात अडून-बिडून बसत नाही. बाळाची वाट सुरू होते ती त्याच्या खाली, एका कडेपासून, आणि ही कड बाहेरून दिसत नाही, मोजताही येत नाही. या वाटेच्या तोंडाची आडवी रुंदी साधारण १३ सेंमी, पुढून मागे ११ सेंमी. खालच्या टोकाला उलट: बसायच्या दोन हाडांमध्ये ११ सेंमी, आणि पुढून मागे, माकडहाड मागे सरकल्यावर, १३ सेंमीपर्यंत. सर्वांत चिंचोळी जागा मध्ये, दोन काट्यासारख्या टोकांमध्ये, साधारण १० ते १०.५ सेंमी. बाळाने हनुवटी छातीला लावली असेल तर डोक्याचं अडचण करणारं माप साडेनऊ सेंमीच्या आसपास. अरुंद दारातून कपाट बाहेर काढताना ते फिरवावं लागतं, तसं बाळही फिरतं. वर डोकं आडवं शिरतं आणि खाली येता येता चेहरा आईच्या पाठीकडे करतं. वाटही सरळ नाही. पुढची भिंत जेमतेम चार-पाच सेंमी, मागची त्रिकास्थीची तिच्या दुप्पट-तिप्पट, त्यामुळे बाळ आधी खाली-मागे आणि मग वळून पुढे येतं. मधल्या त्या दोन टोकांची पातळी म्हणजे डॉक्टर-नर्स बोलतात ते ‘झिरो स्टेशन’. डोकं तिच्या वर किती, खाली किती, यावरून प्रगती मोजतात.

या मापांत बाईगणिक फरक असतो. १९३३ साली कॉल्डवेल आणि मोलॉय यांनी श्रोणीचे चार प्रकार पाडले आणि ते अजून पाठ्यपुस्तकांत आहेत, पण प्रत्यक्षात बहुतेक जणी दोन प्रकारांच्या मध्येच कुठेतरी असतात. शिवाय वाटेचं माप हे अर्धंच गणित. उरलेलं अर्धं म्हणजे डोकं किती वाकलेलं आहे, कवटीची न जुळलेली हाडं एकमेकांवर किती सरकतात, कळांना जोर किती. ही तीन उत्तरं कळा सुरू झाल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणूनच एक्स-रेवर श्रोणी मोजून बाळंतपणाचा अंदाज बांधायची पद्धत मागे पडली: त्यातून सिझर वाढली, बायका-बाळांचा फायदा दिसला नाही. तुम्ही एक्स-रे काढू नका. १५२ सेंमी ही आपल्याकडच्या बायकांची सरासरीच्या जवळपासची उंची आहे. उंची १४० ते १४५ सेंमीच्या खाली असेल, लहानपणी मुडदूस झालेला असेल, पोलिओने पाय बारीक असेल किंवा पूर्वी अपघातात श्रोणीचं हाड मोडलं असेल तर डॉक्टर आधीपासून सावध राहतात. यातलं तुम्हाला काही लागू असेल तर न विचारताही सांगा. डोकं ३८व्या आठवड्यापर्यंत खाली बसलं नाही तरी घाबरू नका. पहिलटकरणीतही ते कधीकधी कळा सुरू झाल्यावरच बसतं.

उकिडवं बसल्याने वाट मोठी होते, हे म्हणणं पूर्ण निराधार नाही. एमआरआयवर मोजलं तर उकिडवं बसल्यावर किंवा हात-गुडघ्यांवर आल्यावर खालचं तोंड काही मिलिमीटरने रुंदावतं. वरचं तोंड मात्र रुंदावत नाही. म्हणजे त्याचा उपयोग बाळ खाली आल्यावर, प्रत्यक्ष प्रसूतीत. आठव्या महिन्यात दुखरा सांधा घेऊन रोज लादी पुसल्याने हाड कायमचं रुंद होत नाही. सासूबाईंना हे असंच सांगा: ‘त्यावेळी बसते, आत्ता नको.’ ऐकतील.

या दुखण्यासाठी म्हणून सिझर मागू नका. त्याने सांधा लवकर बरा होतो असं दिसलेलं नाही, आणि पोटावर टाका असताना कूस बदलणं दुप्पट अवघड. त्याऐवजी ३७व्या आठवड्यात एक काम करा. क्षणभर पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, न दुखता गुडघे किती फाकतात ते टेपने मोजा आणि तो आकडा फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. प्रसूतीच्या वेळी पाय त्यापेक्षा जास्त फाकवायचे झाले तर कमीत कमी वेळ आणि दोन्ही पाय एकदम. पाठीत इंजेक्शन देऊन वेदना बंद केल्या असतील तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तेव्हा सांधा ताणला गेला तरी तुम्हाला कळणार नाही. डाव्या कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर प्रसूती होऊ शकते का, हे तुमच्या दवाखान्यात आधी विचारून ठेवा. काही ठिकाणी होते, काही ठिकाणी टेबलाशिवाय पर्याय देत नाहीत.

हे सगळं ज्या दुखण्याबद्दल लिहिलंय ते हालचालीबरोबर येतं आणि थांबल्यावर कमी होतं. पुढचं काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा: ठरावीक अंतराने येणारं, पोट कडक करणारं दुखणं, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, ताप, लघवीला जळजळ, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. बसायच्या जागी बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं ही तर तातडीची बाब. पायावर भार टाकताच खुब्यात, जांघेत असह्य दुखून पाऊलच टाकवेना झालं तर तेही लगेच दाखवा. शेवटच्या महिन्यांत खुब्याचं हाड तात्पुरतं विरळ होण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, त्यात पडल्याशिवायही हाड मोडू शकतं.

शेवटचा प्रश्न, हाडं परत मिटतात का. हो, आपोआप. बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उतरतं, सांधे पूर्ववत व्हायला तीन-चार महिने लागतात. त्यासाठी पोट आवळून बांधायची गरज नाही. साडीने किंवा पट्ट्याने पोट गच्च बांधलं की दाब खाली, आधीच ताणलेल्या त्या स्नायूंच्या झोळ्यावर जातो. बांधायचंच असेल तर तुमचा तोच बेल्ट, त्याच जागी, चालताना. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, बाळाला एका खुब्यावर घेऊ नका, पाजताना पाठीला टेकू आणि दोन्ही पावलं जमिनीवर. प्रसूतीत पुढे काही तुटल्यासारखं वाटलं आणि नंतर कूस बदलताच येत नसेल, पाय उचलवत नसेल, तर ‘बाळंतपणाचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका, तेव्हा एक्स-रे काढायचा असतो. आणि तीन महिन्यांनंतरही जिना चढताना तीच कळ येत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे परत जा. दुसऱ्या खेपेच्या आधी हा सांधा बळकट करून घेतलेला बरा, कारण एकदा हे दुखणं झालेल्या बाईला पुढच्या खेपेत ते पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते.